आधी टिपेची उलट बाजू बघा: पुण्यात कमी पैशांत पहिली शिलाई मशीन घेताना

मशीन बघायला निघताना पिशवीत भरलेलं सामान असं होतं: मांजरपाटाचे वीतभर लांबीचे सहा तुकडे, ब्लाउजच्या टू बाय टूचा एक तुकडा, जॉर्जेटच्या जुन्या ओढणीचा कोपरा, जीन्सचा कापलेला पाय, एक जुनं बनियन, लाल आणि पांढऱ्या दोऱ्याचं एकेक रीळ, चौदा नंबरच्या नव्या सुयांचं पाकीट, रेघांच्या वहीची चार पानं आणि सेंटिमीटरची पट्टी. दुकानात मशीन दाखवतात ती दुकानदाराच्या कापडावर. दोरा आधीच ओवलेला असतो आणि चालवणारा हात वर्षानुवर्षं मुरलेला असतो. त्या हाताखाली बहुतेक मशिनी गोडच चालतात. घरी आणल्यावर तीच मशीन आपल्या कापडावर, कच्च्या हातानं चालवायची असते. म्हणून कापड आपलं, दोरा आपला आणि सुईही आपलीच न्यायची.

जिच्यासाठी मशीन घ्यायची ती शिकणारी अगदी नवी होती, रीळ कुठं अडकवतात इथपासून सुरुवात. बजेट दहा हजार. घर वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर, जागा खिडकीपाशी जेमतेम चार फूट. पहिल्या सहा महिन्यांत शिवायच्या गोष्टींची यादी आम्ही आधी कागदावर काढली: बाजाराच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, परकर, लहान बाळाची झबली, मग साधा कुर्ता आणि शेवटी अस्तराचं ब्लाउज. या यादीतल्या एकाही वस्तूला सरळ टिपेपलीकडचं काही लागत नाही. कडांचे दोरे निघू नयेत यासाठी काहीतरी करावं लागतं, पण त्याला इंटरलॉकचं दुकान गल्लोगल्ली आहे, आणि दुहेरी बंद शिवण घातली तर तेही नको. यादी केल्याशिवाय दुकानात गेलं की साठ प्रकारच्या टाक्यांच्या मशीनकडे मन ओढलं जातं, आणि त्यातले पंचावन्न टाके पुढं कुणी कधी लावत नाही.

दहा हजारांतले दीड हजार आम्ही आधीच बाजूला काढले. ते कात्री, टेप, खडू, उसवणी, तेल, सुया, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळं) आणि दोऱ्यांसाठी. कापडाची आठ-नऊ इंची चांगली कात्री नसेल तर कापलेल्या कडा दातेरी येतात, दोन भाग जुळत नाहीत आणि दोष मशीनला जातो. हे आम्ही इतक्या वेळा पाहिलं आहे की आता कात्रीचे पैसे मशीनच्या आधी मोजतो.

बाजारात नवशिक्यापुढं चार जातीच्या मशिनी येतात. पहिली छोटी प्लास्टिकची, दीड ते अडीच हजारांची, ॲडॉप्टरवर किंवा सेलवर चालणारी. ही घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो. हातात धरून चालवायची जी स्टेपलरसारखी मिळते, ती एकाच दोऱ्यानं साखळीचा टाका घालते. त्या टिपेचं शेवटचं टोक धरून ओढलं की सगळी टीप सरसर उसवत येते, पोत्याचं तोंड उघडावं तशी. टेबलावर ठेवायची छोटी मशीन वरखाली दोन दोऱ्यांचा टाका घालते खरी, पण कापड पुढं सरकवणारे तिचे दाते बुटके आणि मोटर दुबळी. मांजरपाटाच्या दोन पदरांवर ती चालते, पिशवीच्या बंदाशी चार पदर आले की जागच्या जागी गुरगुरत राहते. नवशिका मग मागून कापड ओढतो, सुई वाकते, तिच्या खालच्या पट्टीवर आपटून तुटते. त्यात बिघडली तर दुरुस्ती करणारे बहुतेक जण हात लावत नाहीत, कारण आतले भाग सुटे मिळत नाहीत.

दुसरी कारखान्यातली, मोठ्या टेबलाची. वीस हजारांच्या पुढं, मिनिटाला चार-पाच हजार टाके. कच्च्या हातासाठी तो वेग फार आहे आणि बजेटही त्यात बसत नाही. ती यादीतून लगेच गेली.

तिसरी झिगझॅग, म्हणजे पांढऱ्या बॉडीची, मोटर आतच बसवलेली, पाच-सात किलोची. उषा जनोम, सिंगर, ब्रदर यांची सुरुवातीची मॉडेलं आम्हाला साधारण दहा ते चौदा हजारांत सांगितली गेली. हिचे फायदे खरे आहेत. कडा झिगझॅगनं बांधता येतात, काज करता येतं, बाहीचा गोल भाग घालायला मशीनचा खालचा भाग मोकळा असतो, काम झालं की उचलून कपाटात ठेवता येते. बनियनसारखं ताणणारं कापड शिवायचं असेल तर हीच हवी, कारण साधी सरळ टीप ताणली की तटकन तुटते. एका खोलीत राहणाऱ्या आणि टी-शर्ट, लेगिंग दुरुस्त करणाऱ्या माणसाला आम्ही डोळे झाकून झिगझॅग सुचवू. फक्त ती नवी घ्यावी. जुन्या झिगझॅगमध्ये आतली नायलॉनची दातेरी चाकं वयानुसार तडकलेली असू शकतात, ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं, आणि हे बाहेरून दिसत नाही.

चौथी काळी सरळ टाक्याची, बिडाच्या हेडची, आपल्या घराघरांत आज्जीच्या वेळेपासून असलेली. उषा, सिंगर, मेरिट, रीटा आणि लुधियान्यात बनणारी कितीतरी नावं. हेड म्हणजे टेबलावर बसणारी मुख्य मशीन; ते दहा-बारा किलोचं, म्हणून टीप घालताना थरथरत नाही. हातानं, पायानं किंवा मोटर लावून, तिन्ही तऱ्हांनी चालते. या हेडच्या बुडाचं माप ठरलेलं आहे, सुमारे साडेचौदा बाय सात इंच, त्यामुळं एका नावाचं हेड दुसऱ्या नावाच्या टेबलात बहुधा बसतं. बॉबिन, ती जिच्यात बसते ती डबी, सुई, सुईचा दोरा खालून पकडणारं शटल, दाते हे सगळं सुटं मिळतं. नवी घेतली तर टेबल-स्टँडसकट सात ते नऊ हजार, चांगल्या अवस्थेतली जुनी तीन ते साडेचार हजार. यादी सरळ टिपेची, बजेट आखूड आणि शिकणारी नवी, तेव्हा आमचा कौल जुन्या काळ्या पायमशीनला होता. मोटर मुद्दाम नको म्हटलं. पायानं चालवताना एक टाका, थांबा, पुन्हा एक टाका असं करता येतं, कोपऱ्यावर सुई खाली रोवून कापड वळवता येतं, आणि कापड हाताबाहेर जात नाही. वेग हवासा वाटला की पुढं मोटरचा संच बसवता येतोच. तो घ्यायचा झाला तर पायाचं बटण अगदी हळू दाबून बघायचं: मशीन मुंगीच्या पावलानं सुरू झाली पाहिजे. एकदम उसळी मारणारं बटण नवशिक्याच्या बोटांना धोक्याचं.

पहिला फेरा मशीन बघायला मारलाच नाही. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला शिवणसामानाची दुकानं आहेत, तिथं फक्त सुट्या भागांची चौकशी केली. साध्या काळ्या मशीनची डबी आहे का, बॉबिन लोखंडी की प्लास्टिकची, शटल मिळेल का, खालचं आणि वरचं चाक जोडणारा चामडी पट्टा आहे का. सगळं काउंटरवर होतं. साध्या घरगुती मशीनची सुई एका बाजूनं चपट्या दांड्याची असते, कारखान्याच्या मशीनची पूर्ण गोल दांड्याची. दुकानदार विचारतात, “गोल की चपटी?” तेव्हा उत्तर माहीत हवं. कुठलीही मशीन मनात भरली की तिची डबी आणि सुई आधी दुसऱ्याच एखाद्या दुकानात मागून बघा. तिथं “मागवावी लागेल” असं उत्तर आलं तर ती मशीन पुढं प्रत्येक बिघाडाला दोन-दोन आठवडे बसून राहणार.

जुनी मशीन कुठं बघायची याचे तीन रस्ते. जुन्या मशिनी दुरुस्त करून विकणारी पेठांतली दुकानं, घर बदलताना विकणारी माणसं, आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार. जुन्या बाजारात हेड स्वस्त मिळतं, पण स्टँडवर बसवून चालवून बघायची सोय नसते आणि बिल नसतं. स्वतः खोलून जोडता येत असेल त्यानंच तिथं घ्यावं. आम्ही दुकानं धरली आणि दोन फेऱ्यांत पाच मशिनी तपासल्या.

तपासणीचा क्रम आम्ही कधी मोडत नाही. आधी दोरा काढून टाकायचा, पट्टा उतरवायचा आणि वरचं चाक हातानं, स्वतःकडे, अगदी सावकाश पूर्ण फिरवायचं. सगळीकडे सारखं हलकं फिरलं पाहिजे. पूर्ण फेरीत जड लागलं तर बहुधा तेल वाळलंय. आपल्याकडे मशीनला खोबरेल तेल घालायची सवय आहे. ते थंडीत गोठतं आणि वर्षभरात लाखेसारखं चिकट होतं. असली मशीन रॉकेलनं धुऊन, रात्रभर ठेवून, मशीनचं पातळ तेल घातलं की बहुतेक वेळा पुन्हा मोकळी होते, म्हणून त्या जडपणाला घाबरू नये, भाव कमी करून घ्यावा. पण फेरीत एकाच ठिकाणी अडकल्यासारखं होत असेल तर आत काहीतरी वाकलेलं किंवा घासणारं आहे. तिथं पुढची तपासणी करूच नये.

मग सुईचा दांडा, म्हणजे सुई ज्यात बसवतात तो वरखाली होणारा दांडा. सुई वर असताना दांडा दोन बोटांत धरून डावीकडे-उजवीकडे, पुढं-मागं हलवायचा. केसभर हालचाल चालते, हाताला खडखड जाणवली तर नको. याचं कारण टाका कसा पडतो त्यात आहे. सुई पूर्ण खाली जाऊन दोन-अडीच मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटा फुगवटा तयार होतो आणि शटलचं टोक नेमकं त्याच क्षणी, सुईच्या छिद्राच्या किंचित वरून, त्या फुगवट्यात शिरतं. दांडा खिळखिळा असेल तर सुई हलते, टोक फुगवट्याला चुकतं आणि टाका सुटतो. जाड कापडावर हे लपून जातं, जॉर्जेटवर लगेच उघडं पडतं. सुईखालची सरकती पट्टी बाजूला करून, डबी काढून, मोबाइलच्या उजेडात चाक हळूहळू फिरवलं की ही भेट डोळ्यांनी बघता येते. शटलच्या टोकावरून नखही फिरवून बघावं. खरखर लागली तर दोरा तिथंच कातरला जाणार. शटल बदलता येतं, फार महाग नसतं, पण ते दुकानदाराकडून बदलून घ्यायचं.

सुईच्या भोकाभोवती पट्टीवर ओरखडे असतील तर सुया तिथं आपटल्यात. भोकाची कड बोटाला टोचली तर पट्टी बदलावी किंवा बारीक पॉलिश पेपरनं घासून घ्यावी. दाते पट्टीच्या वर साधारण एक मिलिमीटर यायला हवेत आणि बोटाला धारदार लागायला हवेत. गुळगुळीत झालेले दाते कापड सरकवत नाहीत. फूट म्हणजे कापड दाबून धरणारा पाय. तो खाली करून त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला कागदाच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या दाबून ओढायच्या. दोन्ही सारख्याच घट्ट हव्यात. एक सैल असेल तर टीप आपोआप एका बाजूला पळणार.

डबीची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. बॉबिन भरलेली डबी दोऱ्याला धरून लटकवायची. नुसती लटकवली तर जागची हलता कामा नये. मग मनगटानं हळूच झटका द्यायचा. दोन-तीन इंच खाली सरकून थांबली तर ताण ठीक. सरसर खाली आली तर सैल, अजिबात हलली नाही तर घट्ट. डबीच्या अंगावर जो मोठा स्क्रू असतो तो पाव फेऱ्याहून कमीच फिरवायचा, आणि खाली कापड पसरून, कारण तो निसटला तर फरशीवर सापडत नाही.

यानंतर नवी सुई. एका दुकानात आम्ही म्हटलं, “काका, आमची सुई लावून बघू?” “लावा की ताई, पण आहे तीही चांगलीच आहे.” काकांना वाईट वाटलं असेल, तरी सुई बदललीच. बोथट सुईचे सगळे दोष मशीनचे वाटतात, आणि उलटही होतं. सुई पार वरपर्यंत ढकलून स्क्रू आवळायचा. सुईच्या अंगावर एका बाजूला लांब खोबण असते. दोरा खोबणीच्या बाजूनं ओवायचा आणि चपटी बाजू शटलकडे ठेवायची. मशीनच्या बनावटीप्रमाणं ही दिशा बदलते, झिगझॅगमध्ये चपटी बाजू मागं जाते, पण खोबणीचा नियम कुठंच बदलत नाही.

आता लाल आणि पांढरा दोरा. वर लाल, बॉबिनमध्ये पांढरा, दोन्ही एकाच जातीचे आणि एकाच जाडीचे. फूट वर असतानाच दोरा ओवायचा, म्हणजे तो ताणाच्या दोन चकत्यांच्या मध्ये नीट बसतो. फूट खाली केल्यावर दोरा ओढून बघितला तर हाताला अडलेला जाणवला पाहिजे. मांजरपाटाचे दोन पदर, मधल्या वेगानं वीतभर टीप. मग तुकडा उचलून खिडकीपाशी न्यायचा आणि आधी उलट बाजू बघायची.

उलट बाजूला फक्त पांढरी टीप दिसली, सुलट बाजूला फक्त लाल, आणि दोऱ्यांची गाठ कापडाच्या दोन पदरांच्या मध्ये दडली, तर मशीनचा ताण जुळलेला आहे. उलट बाजूला प्रत्येक टाक्याशी लाल ठिपका दिसला तर वरचा ताण सैल. सुलट बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचा ताण घट्ट किंवा डबी सैल. हे दोन्ही स्क्रूनं जुळतं, तो मशीनचा दोष धरू नये. उलट बाजूला लाल दोऱ्याचे सैल वेढे, टॉवेलच्या कापडासारखे, लोंबत असतील तर दोरा चकत्यांत बसलेलाच नाही. पुन्हा ओवून बघायचं. पण टीप दहा टाके सुरेख, मग दोन टाके लांब, पुन्हा पाच सुरेख अशी लहरी आली, आणि सुई नवी असूनही आली, तर ती मशीन परत ठेवायची. एकाच रंगाच्या दोऱ्यानं हे ठिपके नजरेत येत नाहीत, म्हणून दुकानात पांढऱ्यावर पांढरा दोरा लावून दाखवला तर आवर्जून रंग बदलून मागावा.

टाक्याची लांबी आम्ही मोजून बघतो. काही मशीनवर आकडे मिलिमीटरचे असतात, काहींवर इंचाला किती टाके याचे. अडीच मिलिमीटर म्हणजे इंचाला साधारण दहा. दहा सेंटिमीटरच्या टिपेत चाळीसच्या आसपास टाके आले पाहिजेत. पन्नास आले तर दाते घसरत आहेत किंवा आकडा खोटा आहे. मग उलट टीप, म्हणजे मागं जाणारी. टीप सुटू नये म्हणून बंदोबस्त करायला मागं चार टाके घेतो ते पुढं जाताना पडलेल्याच भोकांत किंवा त्यांच्या अगदी शेजारी पडावेत. वहीच्या पानावर दोरा न लावता रेघेवरून शिवून बघितलं आणि हात नुसता टेकवून ठेवला की कागद सरळ जातो की तिरका हे दिसतं. कागदानं सुई बोथट होते, म्हणून ही सुई नंतर फक्त सरावाला ठेवायची.

शेवटी कापडं बदलायची. टू बाय टूचे दोन पदर, मग अकरा नंबरची सुई लावून जॉर्जेट, मग सोळा नंबर लावून जीन्सची दुमड. जीन्सच्या जाड शिवणीवरून जाताना नवशिका अडखळतो, तिथं चाक हातानं फिरवून दोन-तीन टाके पार करायचे. मशीननं ते हातानं तरी करू दिलं पाहिजे. बनियनवर मात्र सरळ मशीनला नापास करू नये. ते काम तिचं नाही.

पाचपैकी पहिल्या मशीनचं हेड चकचकीत रंगवलेलं होतं, सोनेरी नक्षीसकट, आणि भाव सगळ्यांत जास्त. तिचा सुईचा दांडा खिळखिळा निघाला, जॉर्जेटवर बोटभर टिपेत तीन टाके सुटले. दुसरी एका जागी अडत होती. तिसरीची टीप सुरेख, पण स्टँडचे पाय फरशीवर डुलत होते आणि पायडलला चाकाशी जोडणारा दांडा सैल होता. चौथी उत्तम, पण तिला उलट टीप नव्हती. जुन्या काही हेडना नसते, कापड फिरवून बंदोबस्त करता येतो, तरी नवशिक्याला तो त्रास नको वाटला. पाचवीचा रंग उडालेला, नाव पुसट झालेलं, चाक पूर्ण फेरीत सारखंच जड. मांजरपाट, टू बाय टू, जॉर्जेट, जीन्स, चारही ठिकाणी उलट बाजू स्वच्छ. हीच घेतली.

भाव अठ्ठेचाळीसशे सांगितला होता, बेचाळीसशेवर ठरला. त्यात नवा चामडी पट्टा, बॉबिन भरायच्या चाकाचं नवं रबर, पाच बॉबिन आणि रॉकेलनं धुऊन तेल घालून देणं हे धरलं. बिलावर हेडचा नंबर लिहून घेतला आणि महिनाभरात काही निघालं तर दुकानातच बघून देण्याचं वाक्यही. टेम्पोचे पाचशे, कात्री वगैरेचे चौदाशे. एकूण एकसष्टशे. उरलेले एकोणचाळीसशे मोटर आणि कापडासाठी राखून ठेवले.

नेताना हेड टेबलापासून सोडवून वेगळं न्यायचं. हेड टेबलात उलटं घडी करून तसंच जिन्यावरून चढवलं तर बिजागऱ्या उखडतात. हेड चादरीत गुंडाळून, सुई काढून, फूट खाली करून मांडीवर घेतलं. घरी स्टँडच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे घातले. खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये हे एक कारण, आणि गुळगुळीत फरशीवर स्टँड सरकतं हे दुसरं. टेबल असं ठेवलं की उजेड डावीकडून येईल, म्हणजे सुईवर हाताची सावली पडत नाही.

पहिले दोन दिवस दोरा ओवूच नये. वरच्या चाकाच्या मध्यभागी जो गोल स्क्रू असतो तो सैल केला की चाक फिरतं पण सुई जागची हलत नाही. तसं करून फक्त पाय चालवायचे, एक टाच आणि एक चवडा, चाक सतत स्वतःकडे फिरेल असे. उलटं फिरलं की दोरा शटलमध्ये गुंततो, म्हणून आधी पायांना दिशा कळू द्यायची. सुरुवात हातानं चाक स्वतःकडे ढकलून करायची आणि पायानं ती पकडायची. तिसऱ्या दिवशी वहीच्या रेघा, मग कागदावर काढलेले चौकोन आणि गोल, मग मांजरपाट.

पहिल्या आठवड्यात जे बिघडतं ते ठरलेलं असतं. टीप सुरू करताना खाली दोऱ्याचा गुंता होतो, कारण दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरलेली नसतात. सुरुवातीला दहा सेंटिमीटर टोकं फुटाखालून मागं घेऊन पहिले तीन टाके होईपर्यंत धरून ठेवायची. वरचा दोरा तुटत असेल तर आधी पूर्ण दोरा काढून पुन्हा ओवा, मग सुईची दिशा बघा, मग सुई बदला, आणि एवढं झाल्यावरच ताणाच्या चकतीला हात लावा. बहुतेक जण उलट क्रमानं जातात आणि जुळलेला ताण बिघडवून बसतात. सुई मोडते ती कापड मागून ओढल्यामुळं. कापड न्यायचं काम दात्यांचं आहे, हातानं फक्त दिशा द्यायची. टिपेच्या बाजूनं कापडाला बारीक चुण्या पडत असतील तर वरचा ताण थोडा कमी करा किंवा पातळ सुई घाला. बॉबिनवर दोरा ढिला किंवा एका बाजूला फुगून भरला गेला असेल तर टीप कधी घट्ट कधी सैल येते. ती बॉबिन रिकामी करून पुन्हा भरावी. पाच-सहा मिनिटांचा कंटाळा केला तर अर्धा तास उसवण्यात जातो.

सुई सात-आठ तास शिवल्यावर बदलायची, मोडायची वाट बघायची नाही. बोथट सुई कापडातून जाताना टक् टक् असा आवाज काढते, तो एकदा ओळखीचा झाला की तास मोजावे लागत नाहीत. डबीखालचा कापसासारखा कचरा दर बॉबिन बदलताना छोट्या ब्रशनं काढावा. फुंकर मारू नये, तोंडाच्या वाफेनं आत ओल जाते. तेल आठवड्यातून एकदा, प्रत्येक भोकात एकेक थेंब, शटलच्या कडेला एक थेंब, आणि नंतर चिंधीवर चार ओळी शिवून जास्तीचं तेल पुसून घ्यायचं. नाहीतर पहिल्याच अभ्र्यावर डाग.

जून ते सप्टेंबर खिडकीपाशी ठेवलेल्या मशीनला गंज धरतो. प्लास्टिकचं कव्हर घातलं तर ओल आतच कोंडते. जुन्या सुती साडीचं आच्छादन घालावं, सुईच्या दांड्यावर तेलाचं बोट फिरवावं आणि फुटाखाली कापडाचा तुकडा ठेवून फूट खाली सोडावं, म्हणजे दात्यांवर ओल बसत नाही.

चामडी पट्टा नवा असताना ताणत जातो. पंधरा दिवसांत पाय चालतायत आणि वरचं चाक मात्र घसरतंय असं होऊ लागलं की मशीन बिघडली असं वाटतं. पट्ट्याची लोखंडी पिन पकडीनं उघडायची, पट्टा अर्धा इंच कापायचा, मोच्याच्या आरीनं नवं भोक पाडायचं आणि पिन पुन्हा दाबून बसवायची. एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त कापू नका. पट्टा फार घट्ट झाला तर पाय जड होतात आणि मग तो लांब करता येत नाही.